काचघराच्या छपरात वाफ कुठे जाते?

इंग्लंडमधील रेडिंगहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: "आमच्या घरामागे २००१ साली बांधलेली कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचघर, आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तोंड नैर्ऋत्येला. खाली गुडघाभर विटांची भिंत, वर दुहेरी काचा आणि छपराला पॉलिकार्बोनेटचे १६ मिलिमीटर जाडीचे दुधी पत्रे आहेत. जुलैत तिथे पाऊल ठेववत नाही आणि नोव्हेंबर ते मार्च दार बंदच असते. पाऊस आला की पत्र्यावर एवढा ताशा वाजतो की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. सासूबाई आणि मामंजी साताऱ्याहून काही महिन्यांसाठी येतात. त्यांना बागेकडे तोंड करून बसायला ती एकच जागा आवडते. एक बिल्डर म्हणतो, पत्र्याला आतून फॉइलची रजई ठोकून खाली पीव्हीसीच्या पट्ट्या लावतो. काम एका दिवसाचे, परवानगीची गरज नाही. दुसरा म्हणतो, छप्परच बदला. त्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ चौपट आहे. यजमानांना घरातल्या हीटिंगचा एक रेडिएटर तिकडे न्यायचा आहे. काय करावे? आणि आमची तुळस दर हिवाळ्यात तिथेच मरते, तिचे काय?"

सप्रेम नमस्कार.

पहिला बिल्डर जे करू म्हणतो ते आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची रजई ऊब अडवत नाही असे नाही. ती थोडीफार अडवेलच. प्रश्न आहे तो रजई आणि पत्रा यांच्यामध्ये जी अंधारी फट उरते, तिच्यात जाऊन बसणाऱ्या वाफेचा.

आपल्या स्वयंपाकघराचे दार याच खोलीत उघडते, असे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, वाळत घातलेले कपडे आणि चार माणसांचा श्वास, या सगळ्यांची वाफ तिथल्या हवेत येणार. हवेचे तापमान २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागाला ती हवा लागताच तिच्यातले पाणी सुटू लागते. आज आपला पत्रा हिवाळ्याच्या रात्री तेवढा गार होतोच. म्हणून सकाळी छपराच्या आतल्या बाजूला दव दिसते आणि एखादा थेंब खाली पडतो. पण आज ते पाणी डोळ्यांना दिसते, दुपारच्या उन्हाने सुकते आणि खिडकी उघडली की निघून जाते. रजई ठोकल्यावर नेमके उलटे घडते. खोलीची ऊब पत्र्यापर्यंत पोचेनाशी झाली की पत्रा पूर्वीपेक्षाही गार होतो आणि निरभ्र रात्री तर आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. वाफ मात्र फॉइलच्या कडांमधून, सांध्यांमधून आणि स्टेपलच्या प्रत्येक भोकातून वर जातच राहते. ती तिथे पाणी होऊन बसते आणि तिला ना वारा लागतो ना कोणाची नजर.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. आमच्या पहिल्या घराच्या कन्झर्व्हेटरीला आम्ही असेच अस्तर लावून घेतले होते. पहिला हिवाळा खरोखर सुखाचा गेला आणि भेटेल त्याला मी ते काम करून घ्यायला सांगत सुटले. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत टेबलावर उघड्या पडलेल्या वर्तमानपत्रावर एक तपकिरी थेंब पडलेला दिसला. वर पाहिले तर पांढऱ्या पट्टीच्या सांध्यावर दुसरा थेंब लोंबत होता. एक पट्टी सोडवली तेव्हा कळले की फॉइलची वरची बाजू हात पुसून घ्यावा इतकी ओली होती, रिपांवर काळ्या बुरशीचे ठिपके दाट उठले होते आणि प्रत्येक स्टेपलभोवती गंजाचे नाण्याएवढे वर्तुळ पडले होते. ज्याने काम केले होते त्याचा फोन तोवर बंद झाला होता. सगळे उतरवून टाकावे लागले. त्या थेंबामुळे मी छपरांचा अभ्यास करू लागले, आणि पुढे या सदरात आलेल्या पत्रांमध्ये हाच तपकिरी थेंब मला पुनःपुन्हा भेटला.

म्हणजे आतून अस्तर लावूच नये का? लावता येते, मात्र ते रीतसर असावे लागते. पत्र्याच्या लगेच खाली हवा खेळती राहील अशी सुमारे ५० मिलिमीटरची सलग पोकळी हवी. ती वळचणीला बाहेरच्या हवेशी उघडी हवी आणि आढ्यापाशीही तिला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती पोकळी म्हणजे नुसती बंद पेटी होते. पोकळीच्या खाली पीआयआर जातीच्या कडक फोमचे तक्ते, आणि त्यांच्याही खाली, म्हणजे खोलीच्या उबदार बाजूला, वाफ अडवणारा सलग पडदा हवा. त्याचे सगळे सांधे आणि भिंतीला टेकणाऱ्या कडा टेपने बंद केलेल्या हव्यात, आणि मग शेवटी प्लास्टरबोर्ड. यातला पडदा आणि पोकळी ही दोनच कामे अशी आहेत की ती पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत, आणि म्हणूनच घाईत तीच वगळली जातात. चकचकीत फॉइलबद्दल एवढेच सांगते की ते उष्णतेचे किरण परतवते हे खरे आहे, पण त्यासाठी त्याच्या चकचकीत बाजूसमोर साधारण २५ मिलिमीटर मोकळी हवा असावी लागते. पत्र्याला चिकटवून ठोकलेल्या फॉइलचा तो गुण वायाच जातो.

आपल्या कन्झर्व्हेटरीत या रीतसर कामाला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे जागा. पोकळी, तक्ते, पडदा आणि बोर्ड मिळून जाडी १५० मिलिमीटरच्या पुढे जाते आणि ती सगळी आतल्या उंचीतून वजा होते. उताराच्या खालच्या टोकाला खिडक्यांच्या वरच्या कडा झाकल्या जाऊ लागतात. दुसरी आणि जास्त गंभीर अडचण वजनाची आहे. १६ मिलिमीटरचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा एका चौरस मीटरला तीन किलोसुद्धा भरत नाही, आणि त्या काळच्या पुष्कळ कन्झर्व्हेटऱ्यांचे वासे, आढे आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या हलक्या छपराचा आणि वर पडणाऱ्या बर्फाचा विचार करून निवडलेल्या असतात. नुसता प्लास्टरबोर्डच चौरस मीटरला आठ किलोच्या पुढे जातो. तक्ते आणि लाकूड धरले तर आपल्या साधारण १३ चौरस मीटरच्या उतारावर दीडशे किलोच्या आसपास कायमचे ओझे वाढते. ते ज्या चौकटींवर येणार त्या पीव्हीसीच्या आहेत. त्यांच्या कोपऱ्याच्या खांबांत धातूची पट्टी घातली आहे की नाही, हे उघडून पाहिल्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही. सरकवायच्या दाराची वरची चौकट मध्यभागी खाली वाकली आणि दार अडकू लागले, की समजावे हे ओझे तिला पेलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे छप्पर बदलल्याने नेमके किती साधेल याकडे वळते, कारण विकणारे यात फार मोठी आश्वासने देतात. उष्णता किती वेगाने निसटते हे यू व्हॅल्यूने मोजतात आणि हा आकडा जितका लहान तितके बरे. आपल्या पत्र्याची यू व्हॅल्यू २.४ च्या आसपास असते. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असताना आपल्या १३ चौरस मीटरच्या छपरातून सुमारे ४७० वॅट निसटतात. नवीन भरीव छपराची यू व्हॅल्यू ०.१८ असली, तर तोच आकडा ३५ वॅटवर येतो. हा फरक मोठाच आहे. पण उभ्या काचा तशाच राहतात. आपल्याकडे त्या साधारण १४ चौरस मीटर भरतील, आणि २००१ च्या सुमाराच्या साध्या दुहेरी काचेची यू व्हॅल्यू २.८ धरली, तर त्यांच्यातून जवळजवळ ५९० वॅट जातच राहणार. म्हणजे छप्पर आणि काचा मिळून जी उष्णता जाते तिच्यात साधारण ४० टक्के बचत होते, ९० टक्के नव्हे. शिवाय फरशी आणि दाराखालून येणारा वारा वेगळाच. म्हणून छप्पर बदलले की हीटरच लागणार नाही असे कोणी म्हणाले तर त्यावर विसंबू नका. लागेल, पण लहान लागेल, आणि एकदा तापलेली ती खोली तासभर तरी उबदार राहील.

उन्हाळ्याची बाजू मात्र छपराच्या खूपच पक्षात आहे. जूनच्या अखेरीस रेडिंगला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवर असतो, म्हणजे ऊन मुख्यतः छपरावर पडते. निरभ्र दिवशी चौरस मीटरला ८०० वॅटच्या आसपास ऊन आले आणि दुधी पत्र्याने त्यातले निम्मे आत सोडले, तरी ते पाच किलोवॅट होतात. भर उन्हाळ्यात खोलीत अडीच किलोवॅटचे दोन हीटर लावून बसण्यासारखेच ते आहे. साताऱ्यात पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्या मामंजींना हे समजावून सांगावे लागणार नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कोनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तेव्हापासून इकडेही ही चैनीची बाब राहिलेली नाही. वयस्कर माणसे घरात असतील तर नाहीच नाही. भरीव छप्पर ही उष्णता जवळजवळ पूर्ण थोपवते, आणि पावसाचा ताशाही बंद करते.

आपल्याला अशी भीती वाटते की भरीव छपरामुळे हिवाळ्यातले ऊनही जाईल. ते फारसे जात नाही. २१ डिसेंबरला रेडिंगला माध्यान्हीचा सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो (साताऱ्याला त्याच दिवशी तो ४९ अंशांवर असतो), आणि असे आडवे ऊन छपरावरून नव्हे, उभ्या काचांतूनच आत शिरते. नैर्ऋत्येकडची आपली काच तशीच राहणार असल्याने सासूबाईंचे दुपारचे ऊन कायम राहील. जाईल तो उजेड. इकडे वर्षातले बहुतेक दिवस ढगाळ असतात आणि पूर्ण ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा साधारण तिप्पट उजळ असते. छप्पर बंद केले की त्या उजेडाचा वरचा झोतच बंद होतो. कन्झर्व्हेटरीत बसणाऱ्याला ते विशेष जाणवणार नाही. तिच्या मागची जी खोली तिच्यातूनच उजेड घेते, ती मात्र दिवसाही अंधारी होईल. स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागला की छपरावर केलेल्या खर्चाचा पश्चात्ताप होतो, असे मला अनेकांनी लिहिले आहे. म्हणून छपरात दोन खिडक्या घाला. त्या घराच्या भिंतीजवळ, उताराच्या वरच्या भागात असाव्यात, म्हणजे उजेड आतल्या खोलीपर्यंत पोचेल. त्या उघडणाऱ्या असाव्यात, कारण गरम हवा वरच साठते आणि तिला तिथूनच बाहेर काढता येते.

परवानगीच्या बाबतीत पहिल्या बिल्डरचे बोलणे आपण तसेच धरून चालू नका. इंग्लंडमध्ये तळमजल्यावरची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान कन्झर्व्हेटरी बांधकाम नियमांतून बहुधा सुटते, पण त्या सवलतीला अटी आहेत. घर आणि कन्झर्व्हेटरी यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत, दारे किंवा खिडक्या हव्यात, आणि तिची हीटिंग व्यवस्था घरापासून स्वतंत्र हवी. अर्धपारदर्शक छताच्या जागी भरीव छत आले, की बहुतेक कौन्सिलांचा (म्हणजे इथल्या नगरपालिकांचा) बांधकाम तपासणारा बिल्डिंग कंट्रोल विभाग त्या कामाला मंजुरी घ्यायला लावतो; काही ठिकाणी आतून बोर्ड ठोकून छत बंद करणेही त्यातच धरले जाते. आपल्या कौन्सिलला ई-मेल करून उत्तर लेखी घ्या. मंजुरी म्हणजे केवळ कागदाचा सोपस्कार नाही. त्या निमित्ताने पाया किती खोल आहे आणि चौकटी नवे ओझे पेलतील की नाही हे तपासले जाते, आणि हेच तपासायला आपल्याला एरवी वेगळे पैसे मोजावे लागले असते. कामाच्या शेवटी मिळणारे कंप्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांनुसार पुरे झाल्याचा दाखला, जपून ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या वाचकांनी आपापले नियम वेगळे पाहावेत.

याच अटींमुळे यजमानांचा रेडिएटरचा विचारही मला पटत नाही. घरच्या बॉयलरचा पाईप तिकडे नेला की सवलत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे १४ चौरस मीटर काचेची ती खोली घरच्या हीटिंगला रात्रंदिवस ओरबाडत राहते. मधले दार काढण्याचा मोहही आवरा. स्वतःचा थर्मोस्टॅट असलेला विजेचा हीटर पुरेल, किंवा खर्चाची तयारी असेल तर भिंतीवरचे उलटेही चालणारे एसी लावा. ते एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब देते आणि जुलैत गारवाही.

तर आपण काय करावे? आपण लिहिता की हे घर आणखी दहा-बारा वर्षे सोडायचे नाही. पत्रे वीस वर्षांपलीकडचे आहेत आणि त्यांच्या कडा ठिसूळ होऊन आतल्या नळ्यांत शेवाळ दिसू लागले आहे. असे पत्रे एक-दोन वर्षांत बदलावेच लागणार, आणि त्यांच्या पोटाला नवे अस्तर लावणे म्हणजे विरलेल्या लुगड्याला जरीचा काठ लावण्यासारखे आहे. त्यामुळे छप्परच बदला, असे मी सुचवते. कन्झर्व्हेटरीसाठीच बनवलेले हलके भरीव छप्पर घ्या, वर कौलासारखे दिसणारे हलके पत्रे किंवा हलकी कौले चालतील. जड काँक्रीटची कौले नकोत. यंदा तेवढे पैसे नसतील तर यंदा काहीच ठोकू नका. दारांच्या रबरी पट्ट्या बदला, छताच्या आत पडदे लावा, हीटर ठेवा आणि एक वर्ष पैसे साठवा. पहिल्या बिल्डरला दिलेले पैसे पुढच्या छपराला एक पैचाही हातभार लावणार नाहीत, उलट ते उतरवायची मजुरी वाढेल.

काम ठरवण्यापूर्वी बिल्डरकडून लेखी घ्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: संपूर्ण छपराची हिशेबाने काढलेली यू व्हॅल्यू (नुसत्या तक्त्याची नव्हे), वाफेचा पडदा कुठे आणि कसा बसणार हे दाखवणारे आडव्या छेदाचे चित्र, चौकटी आणि पाया यांची तपासणी कोण करणार, आणि मंजुरीचा अर्ज कोणाच्या नावाने जाणार. व्हॅटचेही विचारून घ्या. घराला इन्सुलेशन बसवण्यावर सध्या शून्य टक्के व्हॅट आहे, पण कन्झर्व्हेटरीचे छप्पर काढून त्या जागी इन्सुलेशनचे पॅनल बसवणे म्हणजे नवे छप्परच होय, असा निर्णय इथल्या न्यायालयाने दिलेला आहे. त्यावर २० टक्के लागतात. शून्य टक्के लावून स्वस्त दिसणारा आकडा नंतर फुगतो. पडदा बसल्यावर आणि प्लास्टरबोर्ड लागण्यापूर्वी एक दिवस काम थांबवायला सांगा, हातात दिवा घेऊन स्वतः प्रत्येक सांधा पाहा आणि फोटो काढून ठेवा. चांगला कारागीर याने दुखावत नाही.

राहिली तुळस. ती थंडीने मरते हे खरे, पण तिला मारते ती मुख्यतः रात्र आणि गार फरशी. पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की तिची पाने काळवंडतात, आणि ओल्या मातीत मुळे गारठली तर फांदीही वाचत नाही. नवीन छपराखाली तिला वरून उजेड मिळणार नाही, म्हणून कुंडी नैर्ऋत्येच्या काचेला लागून, पण काचेला न चिकटवता, लाकडी स्टुलावर ठेवा. ऑक्टोबरपासून पाणी निम्म्यावर आणा आणि मातीचा वरचा थर सुकल्याखेरीज घालू नका. नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळचा दिवा लावून झाला की कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत न्या आणि सकाळी परत ठेवा. मंजिऱ्या आल्या की खुडून त्यातले बी कागदाच्या पुडीत ठेवत जा, म्हणजे एखादे रोप गेलेच तर मेमध्ये घरच्याच बियांचे दुसरे लावता येईल.